ऐन फवारणीत ट्रॅक्टरचा दम जाऊ नये म्हणून : डिझेल फिल्टर घरच्या घरी बदलण्याची पद्धत

द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात डोळे फुगू लागतात आणि त्याच सुमारास उडद्या भुंगेरे बागेत उतरतात. फुगलेला डोळा भुंगेऱ्याने कुरतडला की तो फुटत नाही. डोळ्यासोबत त्यातील घडही जातो. या अवस्थेत फवारणी दोन-तीन दिवस लांबली तर झालेले नुकसान पुढील कोणत्याही औषधाने भरून येत नाही. नेमक्या अशा दिवशी ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर चढावर दम सोडतो, धक्के देतो आणि बंद पडतो. अनेकदा त्यामागे पंप किंवा इंजिनाचा मोठा बिघाड नसतो, तर वेळेवर न बदललेला डिझेल फिल्टर असतो.

साध्या यांत्रिक डिझेल पंपाच्या ट्रॅक्टरवर हा फिल्टर शेतकरी स्वतः बदलू शकतो. त्यासाठी विशेष अवजारे लागत नाहीत. लागते ती स्वच्छता आणि कामाचा योग्य क्रम. मात्र नवा फिल्टर बसवला म्हणजे काम संपले असे मानू नये. तो का तुंबला हे शोधले नाही, तर नवा फिल्टरही लवकरच त्याच अवस्थेत जातो. शेतातील किडीची पाहणी न करता केलेल्या फवारणीसारखीच ही गोष्ट आहे.

डिझेलचा मार्ग आणि फिल्टरचे काम

टाकीतून निघालेले डिझेल कॉकमधून तळाच्या गाळवाटीत किंवा पाणी वेगळे करणाऱ्या भांड्यात येते. पुढे फीड पंप ते ओढून फिल्टरकडे ढकलतो. बहुतेक ट्रॅक्टरवर दोन फिल्टर एकामागे एक असतात. पहिला जाड कचरा अडवतो, दुसरा बारीक कण. गाळलेले डिझेल त्यानंतर मुख्य डिझेल पंपात जाते आणि तेथून उच्च दाबाने नोझलमध्ये पोहोचते.

मुख्य पंपातील दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांतील फट अवघ्या काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून या फटीची कल्पना यावी. डोळ्यांना न दिसणारी धूळही येथे कानशीसारखे काम करते. डिझेलच या भागांचे वंगण असल्यामुळे त्यात पाणी आले तर वंगण तुटते आणि गंज चढतो. फिल्टरची किंमत आणि पंप-नोझल दुरुस्तीचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही.

फिल्टर तुंबल्याची लक्षणे

- रिकामे चालताना इंजिन ठीक असते. पण ब्लोअर, रोटाव्हेटर किंवा ट्रॉलीचा भार येताच फेरे पडतात.
- थ्रॉटल वाढवूनही इंजिन प्रतिसाद देत नाही किंवा आवाज कमी-जास्त होत राहतो.
- सकाळी सुरू होण्यास वेळ लागतो. काही वेळ चालून ट्रॅक्टर आपोआप बंद पडतो आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा सुरू होतो.

ही लक्षणे दिसताच थेट फिल्टर काढू नये. प्रथम डिझेल कॉक पूर्ण उघडा आहे ना आणि नळी कोठे दबलेली नाही ना, हे पाहावे. इंजिन दम सोडत असताना टाकीचे झाकण सैल करून पाहावे. त्यानंतर इंजिन पूर्ववत चालू लागले, तर दोष फिल्टरचा नसून झाकणातील हवेच्या छिद्राचा आहे. डिझेल जसे बाहेर जाते तशी हवा आत आली पाहिजे. छिद्र बंद असेल तर टाकीत पोकळी निर्माण होते आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. सायलेन्सरमधून काळा धूर येत असेल तर एअर क्लीनरही तपासावा, कारण हवा कमी पडल्यानेही ताकद घटते.

फवारणीवर होणारा परिणाम

ट्रॅक्टर बंद पडला तर दोष निदान लक्षात तरी येतो. अर्धवट तुंबलेल्या फिल्टरचे नुकसान अधिक असते, कारण फवारणी चालूच राहते आणि ती ठीक झाली असा समज होतो.

पीटीओचे प्रमाणित फेरे मिनिटाला ५४० असतात. इंजिन भाराखाली दबून ते ४३० वर आले, असे समजू. ब्लोअरच्या पंख्याची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात बदलते. म्हणजे ती सुमारे एक पंचमांशाने घटली. दाब नियंत्रक मात्र जादा द्रावण टाकीत परत पाठवून नोझलवरील दाब स्थिर ठेवत असल्याने मीटरचा काटा बराच वेळ जागचा हलत नाही. त्याच गिअरमध्ये ट्रॅक्टरचा वेगही एक पंचमांशाने कमी होतो, त्यामुळे एकरी द्रावण उलट सुमारे सव्वापट पडते. हवेचा वेग घटल्यामुळे थेंब दाट पानोऱ्याच्या आत आणि वरच्या टोकापर्यंत पोहोचत नाहीत. बाहेरची पाने निथळतात, आतील पाने कोरडी राहतात. औषध जास्त खर्चूनही कीड वाचते आणि कमी मात्रा मिळालेल्या किडीत प्रतिकारक्षमता वाढण्यास वाव मिळतो.

‘औषध लागू पडले नाही’ अशी तक्रार आल्यावर विस्तार कार्यकर्त्यांनी औषधाचे नाव आणि मात्रा यांसोबत फवारणीच्या वेळी पीटीओचे फेरे कायम होते का, हेही विचारावे.

पूर्वतयारी

फिल्टर ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच घ्यावा. सोबत येणाऱ्या रबरी रिंगा आणि वायसर तपासून घ्यावेत. बदलण्याचे अंतर मॉडेलनुसार साधारण २५० ते ५०० तासांच्या दरम्यान असते. या बाबतीत पुस्तिकेतील आकडा अंतिम मानावा. धुळीचे काम किंवा साठवलेले डिझेल असेल, तर फिल्टर त्याआधीच तपासावा.

काम फवारणीच्या दिवशी नव्हे, तर छाटणीपूर्वी किंवा हंगामापूर्वी उरकावे. जागा सपाट, सावलीची आणि वाऱ्याची धूळ न येणारी असावी. योग्य मापाचे पाने, पाना-पेचकस, पसरट भांडे, धागे न सुटणारे स्वच्छ फडके, ब्रश, काचेची पारदर्शक बाटली, हातमोजे आणि चष्मा जवळ ठेवावा. इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे, हँडब्रेक लावावा, चावी काढावी आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. डिझेल पेट्रोलइतके चटकन पेट घेत नसले, तरी विडी, गॅस शेगडी, वेल्डिंग आणि गरम सायलेन्सर यांपासून काम दूर ठेवावे.

फिल्टर बदलण्याची कृती

१. फिल्टरचे डोके, भांडे आणि भोवतालच्या नळ्या ब्रशने घासून, फडक्याला थोडे डिझेल लावून स्वच्छ पुसाव्यात. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. फिल्टर उघडल्यावर आत पडलेली माती दुसऱ्या फिल्टरच्या पलीकडे गेली, तर ती थेट पंपात पोहोचते.

२. डिझेल कॉक बंद करावा. गाळवाटीखालचा नट सैल करून तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. ही बाटली पुढील तपासणीसाठी बाजूला ठेवावी.

३. फिल्टरखाली पसरट भांडे ठेवावे. भांड्याच्या प्रकारच्या फिल्टरमध्ये मधला लांब बोल्ट सोडवताना दुसऱ्या हाताने भांडे खालून धरावे. डब्याच्या आकाराचा, आट्यांवर बसणारा फिल्टर असल्यास तो हाताने किंवा पट्ट्याच्या पान्याने फिरवून काढावा.

४. भाग ज्या क्रमाने निघाले, त्याच क्रमाने स्वच्छ कागदावर मांडावेत. तळातील स्प्रिंग, वाटी आणि वायसर जुन्या फिल्टरसोबत फेकले जाण्याची चूक वारंवार होते.

५. जुनी रबरी रिंग डोक्याच्या खाचेत चिकटून राहिलेली असते. ती लाकडी काडीने काढावी. जुन्या रिंगेवर नवी रिंग बसली, तर डिझेल गळते किंवा हवा आत शिरते.

६. भांडे स्वच्छ डिझेलने धुवावे. पाणी, साबण किंवा सुती धाग्यांचे फडके आत वापरू नये.

७. नव्या रबरी रिंगेला डिझेलचा हात लावून ती खाचेत सरळ बसवावी. नवा फिल्टर वेष्टनातून अगदी शेवटी काढावा आणि त्याच्या कागदी भागाला हात लावू नये.

८. भांडे सरळ धरून बोल्ट प्रथम हाताने आट्यांवर चढवावा आणि मग पान्याने बेताने आवळावा. आट्यांचा फिल्टर रिंग टेकेपर्यंत फिरवून, त्यानंतर डब्यावर छापलेल्या सूचनेप्रमाणे साधारण अर्धा ते पाऊण फेरा हातानेच आवळावा. जास्त जोर लावल्यास डोक्याच्या आट्या जातात.

नवा फिल्टर बसवण्यापूर्वी त्यात कॅनमधील डिझेल ओतण्याची सवय टाळावी. ते डिझेल न गाळलेले असते आणि गाळलेल्या बाजूत पडले तर सरळ पंपात जाते. दोन फिल्टरांची अदलाबदल करू नये. कोणता फिल्टर किती तासांनी बदलायचा, याबाबत पुस्तिकेत दिलेला क्रम पाळावा. तुंबलेला कागदी फिल्टर डिझेलने धुऊन किंवा हवेचा झोत मारून पुन्हा वापरू नये. त्याने कागद फाटतो आणि फाटलेला फिल्टर वरून धड दिसतो.

एअर काढणे

फिल्टर उघडल्यामुळे मार्गात हवा शिरते. हवा दाबली जात असल्याने पंपाला नोझल उघडण्याइतका दाब तयार करता येत नाही आणि इंजिन सुरू होत नाही. म्हणून टाकीकडून पंपाकडे, या क्रमाने हवा काढावी.

डिझेल कॉक उघडावा. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरील एअर स्क्रू एक-दोन फेरे सैल करावा आणि फीड पंपावरील हातपंप चालवावा. प्रथम फेस, मग बुडबुडे आणि शेवटी अखंड धार येते. धार वाहत असतानाच स्क्रू आवळावा. हीच कृती दुसऱ्या फिल्टरवर आणि त्यानंतर मुख्य पंपावरील एअर स्क्रूवर करावी. हातपंपाची घुंडी आट्यांची असेल, तर ती आधी सोडवावी लागते आणि काम झाल्यावर पुन्हा आवळावी लागते. हातपंप खाचेच्या दांडीचा असून तो पोकळ चालल्यासारखा वाटत असेल, तर इंजिन किंचित फिरवून पुन्हा प्रयत्न करावा. आतील कॅम वर उचललेल्या स्थितीत असल्यास दांडीला पुरेशी चाल मिळत नाही.

सांडलेले डिझेल पुसून बॅटरीची तार जोडावी. स्टार्टर एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये. दोन प्रयत्नांत किमान अर्ध्या मिनिटाची विश्रांती द्यावी. इंजिन सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटे मंद गतीने चालू ठेवून सर्व जोड पाहावेत. दोन-तीन वेळा एअर काढूनही इंजिन सुरू होत नसेल, तर नोझलच्या नळ्या स्वतः सैल करण्याच्या फंदात न पडता मेकॅनिकला बोलवावे.

सावधान : चालू इंजिनात पंपापासून नोझलपर्यंतच्या नळ्यांवरील गळती बोट लावून कधीही तपासू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघणारी उच्च दाबाची धार त्वचा भेदून आत जाते. जखम बाहेरून लहान दिसली, तरी हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाल्यास घरगुती उपाय न करता तत्काळ रुग्णालयात जावे आणि डिझेल त्वचेखाली गेले असल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती पाहण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

जुना फिल्टर आणि बाटली काय सांगतात

बाजूला ठेवलेली बाटली अर्धा तास न हलवता उजेडात पाहावी.

- *तळाशी वेगळा स्वच्छ थर :* पाणी. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने पाणी खाली बसते.
- *तांबूस-तपकिरी गाळ :* गंज. टाकी किंवा लोखंडी बॅरल आतून गंजले आहे.
- *राखाडी माती, वाळूचे कण :* उघडा कॅन, अस्वच्छ नरसाळे किंवा टाकीचे सैल झाकण.
- *काळसर, बुळबुळीत तंतू किंवा गोळे :* सूक्ष्मजीवांची वाढ.

शेवटचा प्रकार अनेकांना अपरिचित असतो. ‘हॉर्मोकोनिस रेझिनी’ ही बुरशी डिझेलमधील हायड्रोकार्बनवर जगते. मात्र तिला पाणी लागतेच. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर ती वाढते आणि तिचा लगदा फिल्टर वारंवार तुंबवतो. अशा वेळी टाकीचा तळ निथळून टाकी स्वच्छ करावी. शेतातील बुरशीनाशक टाकीत ओतण्याचा प्रयोग मुळीच करू नये.

पाणी येण्याचे प्रमुख कारण अर्धी रिकामी टाकी हे आहे. दिवसा तापलेली दमट हवा रात्री थंड होऊन टाकीच्या भिंतींवर दव धरते. म्हणून दिवसाचे काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी. दुसरे कारण फवारणीच्या दिवसांत घडते : द्रावण भरण्याचे ओले नरसाळे डिझेलसाठी वापरले जाते. डिझेलचे नरसाळे आणि कॅन वेगळे असावेत. कीटकनाशकाचा रिकामा डबा धुतलेला असला, तरी डिझेलसाठी वापरू नये.

बॅरल सावलीत, ओट्यावर, तोटीच्या उलट बाजूस किंचित उतार देऊन ठेवावे. भरल्यावर शक्यतो एक दिवस स्थिर राहू द्यावे आणि डिझेल काढण्याची नळी तळापासून चार बोटे वर ठेवावी. तळाचे डिझेल टाकीत जाऊ देऊ नये.

हवेच्या छिद्रातील पाहुणे

काही कुंभारमाश्या आयत्या मिळालेल्या अरुंद छिद्रात घर करतात, त्यात पिलांसाठी भक्ष्य साठवतात आणि तोंड मातीने लिंपतात. काही आठवडे उभ्या असलेल्या यंत्राच्या हवेच्या नळ्या, फवारणीच्या नोझल आणि उघडी टोके त्यांना सोयीची वाटतात. कोळीही अशा जागी जाळे विणतात. अमेरिकेत २०११ साली इंधन टाकीच्या हवेच्या नळीत कोळ्याने जाळी विणल्यामुळे एका मोटार कंपनीला पन्नास हजारांहून अधिक गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या होत्या.

यावर कीटकनाशक फवारण्याची गरज नाही. कुंभारमाश्यांच्या अनेक जाती पिलांसाठी अळ्या पकडून नेतात, त्यामुळे त्या शेतकऱ्याच्या मित्रच आहेत. हंगामापूर्वी छिद्र मऊ तारेने मोकळे करावे आणि सुट्या केलेल्या नळ्यांची तोंडे टोपणाने बंद ठेवावीत. टाकीचे हवेचे छिद्र मात्र कधीही बुजवू नये.

कोणत्या यंत्रावर हे काम करू नये

भारतात १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरना ‘ट्रेम चार’ हे उत्सर्जन मानक लागू झाले. त्यातील अनेक ट्रॅक्टरवर कॉमन रेल प्रणाली आहे. तिच्यातील दाब १,००० बारच्याही वर जातो आणि एअर काढण्याची पद्धत वेगळी असते. तेथे उच्च दाबाच्या बाजूचा एकही जोड सोडवू नये. फिल्टर बदलायचा असल्यास पुस्तिकेतील कृतीच करावी किंवा सेवा केंद्राकडे जावे. डिझेल पिकअप आणि मोटारींनाही हेच लागू पडते. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांचा फिल्टर टाकीतील पंपासोबतच बसवलेला असतो; पेट्रोलच्या वाफा ठिणगीने तत्काळ पेटत असल्याने ते काम घरी करू नये.

काढलेले डिझेल आणि जुना फिल्टर विहिरीजवळ, बांधावर किंवा ओढ्यात टाकू नये. ते झाकणाच्या डब्यात जमा करून सेवा केंद्राकडे द्यावे.

नोंद ठेवावी

फवारणीच्या नोंदवहीतच एक पान ट्रॅक्टरसाठी राखावे. त्यावर तारीख, मीटरवरील तास, बदललेला फिल्टर आणि बाटलीत काय दिसले, या चार गोष्टी लिहाव्यात. दोन-तीन नोंदींनंतर फिल्टर ठरलेल्या तासांआधीच तुंबतो का आणि कशाने तुंबतो, हे आपोआप स्पष्ट होते. विस्तार कार्यकर्त्यांनी हंगामपूर्व प्रशिक्षणात स्प्रेअरच्या तपासणीबरोबर बाटलीची ही चाचणी गटासमोर करून दाखवावी. ती अर्ध्या तासात होते आणि तळाशी बसलेले पाणी पाहिल्यावर बॅरल कसे ठेवावे, हे वेगळे पटवून द्यावे लागत नाही.